तेलाचा भाव का उतरला?

मे १९९४. तासगावात आमच्या घराच्या सोप्यात बसून मी आज्जीला एका इंग्रजी कादंबरीतलं पत्र मराठीत करून सांगत होते. ऊन अजून उतरलं नव्हतं. आज्जी पुढ्यात सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि मी सांगता सांगताच हसत होते, कारण पुढं काय येणार ते मला पाठ होतं.

पुस्तक होतं अनुराग माथुर यांचं ‘द इन्स्क्रूटेबल अमेरिकन्स’. १९९१ साली ते आलं आणि आमच्या होस्टेलवर पोचेपर्यंत त्याचं मुखपृष्ठ गळून गेलं होतं. सांगलीला वालचंद कॉलेजात असताना ही प्रत खोल्याखोल्यांतून फिरायची. नक्की कुणाची, हे कधीच कळलं नाही. मधली काही पानं कुणीतरी दोऱ्यानं शिवून ठेवली होती. रात्रीची जेवणं झाली की एकजण मोठ्यानं वाचायची आणि आम्ही सहा-सातजणी कॉटवर, जमिनीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसून ऐकायचो. पोट दुखेपर्यंत हसायचो.

गोपाल हा मध्य प्रदेशातल्या जजाऊ नावाच्या लहानशा गावचा मुलगा. घरचा केसांच्या तेलाचा मोठा धंदा. केमिकल इंजिनिअरिंग शिकायला तो वर्षभरासाठी अमेरिकेत, एव्हर्सव्हिल नावाच्या गावी जातो आणि तिथून धाकट्या भावाला पत्रं लिहितो. पत्रं इंग्रजीत आहेत, पण ते इंग्रजी गोपालचं स्वतःचं आहे. विमानातल्या कोकाकोलाचं त्याला केवढं अप्रूप! आम्हाला ते अप्रूप समजायचं. कोकाकोला १९७७ साली देश सोडून गेला तो १९९३ साली परत आला, म्हणजे आमचं सगळं बालपण त्याच्याविना गेलेलं. पण आम्ही सगळ्यात जास्त हसायचो ते विमानतळावरच्या प्रसंगाला. तिथला एक अधिकारी गोपालला सहज विचारतो, कसं काय चाललंय. गोपालला वाटतं, माणूस विचारतोय तर सांगावं. आणि तो सांगतो. आपल्या अडचणी सांगतो, आशा सांगतो, गावात केसांच्या तेलाचा भाव उतरलाय तेही सांगतो. दहा मिनिटं. भावाला कळवतो की अमेरिकन माणूस आपल्यापुरतं बघणारा असेल असं तुला वाटेल, पण ह्यानं माझ्याकडे बघत सगळं गुमान ऐकून घेतलं.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय, एवढंच.”

“आगं, मग त्यात हसाया काय हाय? त्येनं इचारलं, ह्येनं सांगितलं. इचारल्यावर सांगू नगं व्हय?” दोन शेंगा फोडून झाल्यावर तिनं मान वर केली. “आन् तेलाचा भाव का उतरला म्हनं?”

ते गोपालनं लिहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, आपल्याला नीट सांगता आलं नाही. होस्टेलवर जी वाचायची तिची सांगायची हातोटीच वेगळी, ती असती तर आज्जीलाही हसू आवरलं नसतं, असं त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं. खरी गोष्ट निराळी होती आणि ती कळायला मला बरीच वर्षं लागली. मराठीत आणल्याबरोबर त्या पत्रातला विनोद नाहीसा झाला होता. तो गोपालच्या वागण्यात नव्हताच, त्याच्या इंग्रजी वाक्यांच्या वाकड्या चालीत होता. मराठीत ती चाल आपोआप सरळ झाली आणि मागं उरला एक सभ्य मुलगा. कुणी ख्यालीखुशाली विचारली तर नीट उत्तर द्यावं, अशा घरात वाढलेला. आज्जीला तेवढाच दिसला. तिच्या अंगणात आलेल्या माणसालाही ती ‘कसं काय’ असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. पाहुण्यानं पावसाचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, लेकीच्या सासरचं सांगितलं, की मग चहा टाकायची.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून आहे. गोपाल आपल्या सख्ख्या भावाला इंग्रजीत पत्र का लिहितो? जजाऊचा मुलगा घरी लिहील ते हिंदीत. आणि हिंदीत लिहील तेव्हा त्याची भाषा अडखळणार नाही. तो टोमणे मारेल, म्हणी वापरेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकला करील, अमेरिकेची अशी काही खिल्ली उडवील की भाऊ ते पत्र घेऊन गल्लीभर फिरेल. स्वतःच्या भाषेत कुठलाच माणूस बावळट नसतो. लेखकानं त्याला भावाशीसुद्धा इंग्रजीत बोलायला लावलं आणि एवढ्या एका गोष्टीवर सगळा विनोद उभा राहिला. कादंबरी इंग्रजीत आहे, तिला दुसरा इलाज नव्हता हे मी जाणते. तरी ती पत्रं मुळात हिंदीत लिहिली गेली असावीत आणि आपण वाचतो ते त्यांचं कुणीतरी घाईत केलेलं भाषांतर आहे, असं समजून मी आता वाचते. तसं वाचलं की गोपाल वेगळाच दिसतो.

त्या इंग्रजीचंही मला काही सांगायचं आहे. ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम टेलिंग’, ‘ही इज वाँटिंग’. प्रत्येक वाक्यात चालू वर्तमानकाळ. आपल्याकडे त्याला लोक हसतात, शाळेत त्यावरून छड्या पडायच्या. पण मराठी वाक्य कसं संपतं ते बघा. मला माहीत आहे. तो सांगतो आहे. तिला जायचं आहे. आपलं वाक्य ‘आहे’वर टेकतं आणि मगच विसावतं. हिंदीचंही तसंच. इंग्रजी बोलताना आपण तो ‘आहे’ सोडायला तयार नसतो, ‘ॲम’ आणि ‘इज’च्या रूपानं बरोबर घेऊन जातो. प्रवासाला निघताना आई पिशवीत भाकरी बांधून देते तसा. निस्सीम इझिकेल यांनी ह्याच इंग्रजीत मिस पुष्पाच्या निरोपसमारंभाची कविता लिहिली, माथुर यांच्या कितीतरी आधी. इझिकेल मुंबईचे, १९२४ सालचा जन्म, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. कोकणात ह्या समाजाला शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा धंदा घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. घरची भाषा मराठी असलेल्या समाजातला हा कवी. ती कविता पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं, दुसऱ्यांदा वाचताना त्यातला भाषण करणारा गृहस्थ ओळखीचा वाटला. असे गृहस्थ आमच्या तासगावात प्रत्येक निरोपसमारंभात उभे राहतात, मराठीत बोलतात आणि लोकांचे डोळे ओले करतात.

माथुर यांचं गोपालवर प्रेम आहे, याविषयी मला शंका नाही. पुस्तकाचं नावच ते सांगतं. ‘इन्स्क्रूटेबल’ म्हणजे ज्याच्या मनाचा थांग लागत नाही असा. हे विशेषण पाश्चात्त्यांनी पिढ्यान्पिढ्या पूर्वेकडच्या माणसांना चिकटवलं होतं. ह्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, ह्यांच्या पोटात काय आहे ते ओळखू येत नाही, असं म्हणत आले. माथुर यांनी ते उचलून अमेरिकनांना लावलं. जजाऊहून आलेल्या मुलानं अमेरिकेकडे बघावं आणि म्हणावं, ह्या लोकांचं काही कळत नाही बुवा. जगाकडे बघणारा डोळा जजाऊचा आहे, ही त्या पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. होस्टेलवर हसताना आम्ही मात्र तिकडच्या बाजूला बसून हसत होतो. तासगाव, विटा, इस्लामपूर, जत इथल्या आम्ही मुली, आणि गोपालकडे अमेरिकेच्या डोळ्यांनी बघत होतो. आमच्यातली एकही तोवर मुंबईच्या पलीकडे गेलेली नव्हती.

ऑगस्ट १९९६मध्ये मी आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत एम.एस. करायला एम्सला गेले.

एम्स हे आयोवा राज्याच्या मधोमध वसलेलं विद्यापीठाचं गाव. डे मॉइनच्या विमानतळावर उतरायचं आणि तासाभरात उत्तरेला पोचायचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका. डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार, नजर पोचेल तिथपर्यंत मका, मध्येच सोयाबीन आणि पुन्हा मका. जमीन काळी. इतकी काळी की गाडीच्या खिडकीतून बघताना मला कृष्णाकाठ आठवला. विमानानं इतक्या लांब येऊन शेवटी शेतातच उतरले, ह्याचा मला त्या दिवशी मोठा आधार वाटला.

दुसरा आधार कार्व्हरचा. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आमच्या घरात सगळ्यांनी वाचलेलं. धाकट्या भावाला ते शाळेत बक्षीस मिळालं होतं आणि त्याची पारायणं झाली होती. तो कार्व्हर ह्याच एम्समध्ये शिकला. १८९१ साली आला, तिथला पहिला काळा विद्यार्थी. जन्म गुलामीत, मिसुरीतला. सुरुवातीला त्याला भोजनगृहात इतर मुलांच्या पंक्तीला बसू दिलं नाही, तळघरात शेतमजुरांबरोबर जेवायला धाडलं. हे कळल्यावर इंडियानोलाहून त्याच्या ओळखीची एक गोरी बाई आली, दिवसभर त्याच्या बरोबर सगळीकडे हिंडली आणि जेवायलाही त्याच्याच शेजारी बसली. १८९४ साली तो पदवीधर झाला आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन टस्कीगीला गेला. त्यानंतर शंभर वर्षांनी मी तिथं पोचले. कार्व्हरच्या नावाची इमारत दिसली त्या संध्याकाळी भावाला एरोग्राम लिहायला घेतलं. त्या निळ्या कागदाच्या चारी कडा भरून गेल्या तरी माझं संपत नव्हतं. त्या बाईबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं.

तशी पत्रं मी फार लिहिली नाहीत. बाकीच्या पत्रांत एकच मजकूर असायचा. इथं सगळं ठीक आहे, अभ्यास चालू आहे, थंडी आहे पण कपडे आहेत, तुम्ही काळजी करू नका. गोपाल भावाला सगळं सांगतो. कुठं चुकला, कुठं घाबरला, काय कळलं नाही, काय खाल्लं. मी सांगत नव्हते. कर्ज काढून पाठवलेली मुलगी घरी रडगाणं कशी लिहिणार? डिसेंबरात सुट्टी लागली, मुलं आपापल्या गावी गेली, माझ्या घरात राहणाऱ्या दोघीजणी नातेवाइकांकडे गेल्या. तळं गोठलं. कॅम्पनीलची, म्हणजे विद्यापीठातल्या मनोऱ्याची, घंटा तास देत राहायची, तेवढाच आवाज. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्दही निघाला नाही, असं दोनदा झालं. सोमवारी बोलताना घसा खरवडल्यासारखा वाटला. ह्यातलं एक अक्षर मी घरी कळवलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचं पत्र आलं. भावाचं अक्षर मोठं, त्यामुळे मजकूर थोडा. ऑक्टोबर छाटणी चांगली झाली होती, घड भरपूर आले होते, पण फुलोऱ्यात आभाळ धरलं आणि दावण्यानं बाग गेली. अडीच एकरांपैकी निम्मी तरी हातची गेली. उरलेल्याचा बेदाणा करायचा म्हटला तर शेडचं भाडं निघेल का, असं अण्णा म्हणतात. आणि शेवटी: अण्णा काही बोलत नाहीत.

द्राक्षबाग ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फुलोऱ्यातलं आभाळ म्हणजे रात्रीची झोप गेली. पहाटे उठून फवारणीचं यंत्र पाठीवर. पानामागं दावण्याची पांढरी बुरशी दिसली की घरातले आवाज खाली जातात. आमच्या भागात बागेसाठी सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, तारांच्या मांडवाचे हप्ते, सगळं त्या एका पिकावर टेकलेलं असतं. ‘अण्णा काही बोलत नाहीत’ ह्या चार शब्दांत भावानं सगळं कळवलं होतं.

पत्र कोटाच्या खिशात घालून मी किराणा आणायला गेले. उणे वीसच्या आसपास थंडी. दुकानात गर्दी नव्हती. काउंटरवर साठीच्या घरातली एक बाई, हातांची बोटं जाड, नखं आखूड कापलेली. माझी कोबी आणि दूध पट्ट्यावर पुढं सरकवताना तिनं विचारलं, ‘हाउ आर यू डुइंग टुडे?’

पाच महिन्यांत त्याचं उत्तर मला पाठ झालं होतं. ‘गुड, हाउ आर यू’ म्हणायचं आणि पैसे काढायचे. त्या दिवशी ते आलं नाही. मी म्हणाले, बरी नाही. वडिलांची द्राक्षबाग गेली. आणि मग थांबता येईना. पाऊस नाही, नुसतं आभाळ, फुलोरा, दावण्या. दावण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं, औषधाच्या डब्यावर वाचलेलं. अडीच एकर म्हणाले. कर्ज म्हणाले. भावानं काय लिहिलंय तेही सांगितलं. माझं इंग्रजी तेव्हा कसं होत होतं ते मी ऐकत नव्हते. वाक्यांना ‘आहे’ जोडले जात असतील, मला पर्वा नव्हती.

बाईनं पट्टा थांबवला.

“फवारणी कशाची केली होती?” तिनं विचारलं.

मी औषधाचं नाव सांगितलं. ते तिला ठाऊक नव्हतं. विमा होता का, म्हणाली. नव्हता. माझ्यामागं एक म्हातारे गृहस्थ डबलरोटी घेऊन उभे होते, त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. बाई म्हणाली, आमचाही मका आहे. गेल्या उन्हाळ्यात बुशेलला पाच डॉलरला टेकला होता, सगळे म्हणत होते आता दिवस फिरले, आणि आमचा निघेपर्यंत तीनच्या खाली आला. कोठ्या भरून ठेवल्यात. नवरा रोज रेडिओवर भाव ऐकतो आणि रेडिओ बंद करतो. बोलत नाही.

मग तिनं मला दूध दुहेरी पिशवीत घालून दिलं, थंडीत फुटू नये म्हणून, आणि म्हणाली, वडिलांना सांग एका शेतकऱ्याच्या बायकोनं विचारलंय म्हणून. मागच्या गृहस्थांनी मला काहीच म्हटलं नाही, फक्त टोपीला हात लावला.

घरी येऊन मी दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि कोटासकट खाली बसले. गोपालचा विमानतळावरचा अधिकारी मला आठवला. पाच वर्षं मी समजत होते की तो कंटाळून ऐकत होता, पिच्छा सुटायची वाट बघत होता, आणि गोपालला ते कळत नाही ही त्यातली गंमत. पण तो दहा मिनिटं ऐकतो. पुस्तकात लिहिलंय तसं, शांतपणे, डोळ्यांकडे बघत. त्याच्या मनात काय होतं ते कादंबरी सांगत नाही. काय सांगावं, त्याचाही भाऊ कुठं दुकान चालवत असेल.

पुढं मी लायब्ररीत बसून आयोवाच्या शेतीचं वाचायला लागले, माझ्या विषयाशी त्याचा काही संबंध नसताना. १९८१ ते १९८६ ह्या पाच वर्षांत तिथल्या जमिनीचे भाव साठ टक्क्यांहून जास्त पडले होते. चढ्या व्याजानं कर्ज काढून जमीन घेतलेली कुटुंबं बुडाली, पिढीजात शेतं लिलावात गेली, गावातल्या बँकाही बंद पडल्या. त्या बाईला साठीत काउंटरवर का उभं राहावं लागत होतं त्याचा मला अंदाज आला. तिला तसं विचारण्याइतकी ओळख झाली नव्हती. पण आठवड्याला मी तिच्याच काउंटरवर जायची, रांग असली तरी. ती बागेचं विचारायची, मी मक्याचं विचारायची. बुशेल म्हणजे छप्पन पौंड, आपले पंचवीस किलोंच्या वर थोडं, हे तिनंच सांगितलं. बेदाण्याचं सगळं मी सांगितलं. घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर सावलीत सुकवायचे, उन्हात घातले तर काळे पडतात. तिला ते फार आवडलं. सावलीत सुकवलेलं फळ, असं ती दोनदा म्हणाली.

कादंबरी त्याच वसंतात पुन्हा हाती आली. इंदूरच्या एका मुलीकडे होती, तिच्या प्रतीला मुखपृष्ठ होतं. एका रात्रीत वाचून काढली. पत्रं वाचताना ह्या वेळीही हसले, पण जागा बदलल्या होत्या. जिथं अमेरिका वेडी दिसते तिथं हसले. तेलाच्या भावाशी आले तेव्हा पान तसंच धरून बसले.

आणि एक गोष्ट स्पष्ट दिसली जी होस्टेलवर आम्हाला टोचत होती पण कुणी बोललं नव्हतं. पत्रं संपून निवेदन सुरू होतं आणि पुस्तकाचा मोठा भाग गोपालला एखादी मुलगी भेटते की नाही ह्यातच खर्ची पडतो. मित्र रँडी त्यासाठी धडपडत राहतो. त्या पानांवर बायका येतात त्या गोपालच्या परीक्षेचे पेपर असल्यासारख्या. मला तिथं बसायला जागा नव्हती. एक मुलगी परक्या गावी एकटी राहते तेव्हा काय होतं, दार लावून घेतल्यावर ती पहिल्यांदा किती मोकळी होते आणि त्याच दारामागं किती एकटी पडते, तिला घरी काय लिहिता येतं आणि काय नाही, ह्याचा विनोद कुणीतरी करायला हवा होता. करता येण्याजोगा आहे. आम्ही तिघी एका घरात राहत होतो, मी, एक तमीळ आणि एक बंगाली. आमटी कशी करायची ह्यावरून जे व्हायचं त्याची तीन पुस्तकं होतील. गोपालची पत्रं जितकी जिवंत आहेत तितकी ती मधली प्रकरणं नाहीत, असं माझं स्वच्छ मत आहे. लेखकाला आपल्या माणसाचा आवाज सापडला होता आणि तो त्यानं पुरेसा वेळ चालू दिला नाही.

पण मी अन्याय करत नाही ना, हेही मनात येतं. त्या पुस्तकाशिवाय मी काउंटरवर बोलले असते का? मला वाटतं नसते. गोपालला बोलताना ऐकलं होतं म्हणून बोलता आलं. असं उत्तर देता येतं, एवढं तरी त्यानं दाखवलं होतं.

वाचून संपवली त्या रात्री मी भावाला खरं पत्र लिहिलं. डिसेंबरातलं सगळं लिहिलं. घसा खरवडल्याचं लिहिलं. उत्तरात त्यानं ते आईला वाचून दाखवलं नसल्याचं कळवलं आणि खाली एक ओळ: अण्णांना दाखवलं, ते म्हणाले तिला ये म्हणावं दोन आठवडे, तिकिटाचं बघू.

तिकिटाचे पैसे मी उन्हाळ्यातल्या कामाच्या पगारातून आगाऊ उचलले. मे १९९७मध्ये तीन आठवडे तासगावात होते. बागेत खरड छाटणी होऊन नवी फूट आली होती, अण्णा बोलत होते, भाऊ माझ्यापेक्षा उंच दिसत होता. आज्जी मात्र थकली होती. सोप्यातच, त्याच कोपऱ्यात, पण आता भिंतीला टेकून. सूप माझ्या पुढ्यात होतं.

मी तिला काउंटरवरच्या बाईचं सांगितलं. सुरुवातीपासून, थंडीपासून. आज्जी मधूनमधून हं म्हणत होती. फवारणीचं विचारलं म्हटल्यावर ती जरा सरळ बसली.

“बाग हाय तिची?”

“बाग नाही, मका.”

“किती हाय?”

“तीनशे एकर.”

आज्जीनं तो आकडा मनाशी घोळवला. तासगावात तीनशे एकर म्हणजे अख्खी गल्ली. “आन् तरी दुकानात उबी ऱ्हाती,” ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. “भाव न्हाई, मग काय करील. पोरं?”

“दोन. शहरात आहेत.”

“नवरा बोलत न्हाई म्हनली?”

“हो.”

“आपल्या अण्णागत.” मग बराच वेळ ती अंगणाकडे बघत राहिली. शेंगा फोडून माझा अंगठा दुखायला लागला होता. मला वाटलं तिला डोळा लागला.

“मका इकला का तिनं,” ती म्हणाली, “का ठिवलाय आजून?”

मला माहीत नव्हतं. निघायच्या गडबडीत शेवटच्या दोन आठवड्यांत मी तिकडं फिरकलेच नव्हते.

“परत गेल्यावर विचारते,” म्हणाले.

“इचार,” आज्जी म्हणाली.